कातडीचा हिशेब टाका

दोस्तहो, विटाळ मोजायला या देशात कधी यंत्र लागलं नाही. सावली डोळ्यांनी मोजली, घागर जातीवरून मोजली. आता विटाळ मोजायचं खरंखुरं यंत्र आलंय. आणि नेमकी आपल्या हाताची पाळी आली की ते कपाटात असतं, किल्ली साहेबाकडं असते.

मी किरणोत्सर्गाबद्दल बोलतोय. हा विषय शास्त्रज्ञांचा म्हणून पान उलटू नका. 1982 साली विक्रोळीत आणि 1983 साली मुलुंडमध्ये इरिडियम-192 च्या अपघातात किरणांचा मारा बसला. किरणोत्सर्गी अपघातांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांत दोन्ही नोंदी सापडतात. गावाचं नाव आहे, मूलद्रव्याचं नाव आहे. माणसाच्या जागी आकडा.

इरिडियम कशाला? वेल्डिंगचा जोड आतून तडकलाय का ते बघायला. त्या पेटीला ‘कॅमेरा’ म्हणतात. आत केबलच्या टोकाला मण्याएवढी गोळी. ती निसटून पडली तर धातूचा साधा तुकडा वाटतो. हातात घेतला तर चटका नाही, वास नाही. कातडी लाल होते काही तासांनी, दिवसांनी. फोड आणि जखम येते आठवड्यांनी. तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि हजेरीचा कागद कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नसतं.

मी एका कारखान्यात हेल्पर होतो. रात्री रेडिओग्राफी चालायची. ऑपरेटरच्या छातीवर बिल्ला, मी दोरी धरून उभा. बिल्ला मागितला तर सुपरवायझर म्हणाला, तू कुठं रेडिएशन वर्कर आहेस? हे वाक्य ध्यानात ठेवा. सगळी मेख त्यात आहे.

आता मोजमापाचं ऐका. कातडीवरची पापुद्र्यासारखी थर मेलेली असते. जिवंत पेशी तिच्याखाली, म्हणून मात्रा मोजायची 0.07 मिलिमीटर खोलीवर. आणि मोजायची एका चौरस सेंटिमीटरवर. हातावर किरणोत्सर्गी थेंब पडला, एका चौरस सेंटिमीटरवर बसला, आणि कुणी त्याची मात्रा शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरून काढली, तर कागदावर ती एक टक्का उरते. थेंब तेवढाच, भाजणं तेवढंच. म्हणून शास्त्रच सांगतं, जिथं भाजलं तिथं मोज, सरासरी काढू नको. गड्यांनो, आपण तरी दुसरं काय सांगतोय? गावाच्या सरासरीत महारवाड्याची तहान कधी दिसली होती?

छातीवरचा बिल्ला छातीचं सांगतो. तळहाताचं सांगत नाही. त्यासाठी मनगटावर, बोटावर वेगळं मापक लागतं. ज्याला छातीचाच बिल्ला नाही त्याच्या बोटाची गोष्टच सोडा.

कायद्यातली मर्यादा बघा. रेडिएशन वर्करच्या कातडीला वर्षाला 500 मिलिसिव्हर्ट, बाकीच्या जनतेला 50. म्हणजे झाडूवाला, भंगारवाला, बिगारी ही जनता! त्याला दहापट जास्त संरक्षण. वा रे संरक्षण! मर्यादा आखली, मोजायला कुणी नाही. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगार बाजारात कोबाल्ट-60 फुटलं. दिल्ली विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं यंत्र. भंगारवाल्यांनी ते हातांनी खोललं. भाजले, एकजण मेला. विद्यापीठातल्या शिकलेल्यांना आत काय आहे ते ठाऊक असायला हवं होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते भाजले.

नियामक मंडळाची कचेरी अणुशक्तिनगरात आहे. तिथून मानखुर्द, गोवंडी, देवनारचा कचरा किती लांब? कुर्ल्याची भंगार गल्ली किती लांब?

मी विज्ञानाविरुद्ध नाही. बाबासाहेबांचं नाव घेणारा विज्ञानाविरुद्ध असूच शकत नाही. काही म्हणतील, बहुतेकांची मात्रा मर्यादेतच असते. असेल. मग आकडा दाखवा! ज्याला मोजलंच नाही त्याची मात्रा शून्य लिहायची, हा कुठल्या शास्त्राचा नियम?

बिल्ला नसला तरी मात्रा काढता येते. तुकडा कुठल्या हातात धरला, कुठल्या खिशात किती वेळ होता, लाली कोणत्या दिवशी आली, यावरून कातडीची मात्रा मांडतात. रक्तातल्या गुणसूत्रांवरून सबंध शरीराचा अंदाज काढतात. म्हणजे भाजलेल्या माणसाची जबानी हाच पुरावा. ती जबानी त्याच्या बोलीत, त्याच्यासमोर लिहिली गेली पाहिजे. ठेकेदाराच्या तोंडून नाही.

तेव्हा वस्तीवस्तीत सांगा. अनोळखी जड पेटी, तीन पात्यांचं चिन्ह असलेला डबा फोडू नका. लांब व्हा, पोलिसांना कळवा. अंगावर काही सांडलं तर आधी कपडे उतरवा, साबण-पाण्यानं धुवा, घासून कातडी सोलू नका. तारीख, वेळ, हात, खिसा लिहून ठेवा. आणि मागा: दोरी धरणाऱ्यालाही बिल्ला, प्रत्येकाला त्याच्या मात्रेची लेखी प्रत, ठेकेदार बदलला तरी न बदलणारी नोंद. नाही दिली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, युनियनला घेऊन गेटवर बसा.

ज्या कातडीला शिवायला तुम्ही हजारो वर्षं घाबरलात, तिच्यावर काय सांडलंय ते आता मोजा. एका चौरस सेंटिमीटरवर मोजा. आणि आकड्यापुढं माणसाचं नाव लिहा.