जीवदयेचा जमाखर्च

मुंबईहून वाशीच्या बाजारपेठेकडे निघालेल्या व्यापाऱ्याच्या वाटेवर चेंबूरजवळ ‘पांजरापोळ’ हे नाव लागते. दाणाबंदरातील धान्याचा घाऊक व्यापार खाडीपलीकडे गेला, तेव्हापासून असंख्य जैन कुटुंबे या वाटेने ये-जा करीत आली आहेत. नाव सर्वांच्या ओळखीचे आहे, त्यामागची हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मुंबईची पांजरापोळ गाईंच्या रक्षणासाठी निघाली असावी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिच्या स्थापनेला निमित्त झाले ते रस्त्यावरच्या कुत्र्यांचे. आणि ज्या दोन धुरीणांनी तिची उभारणी केली, त्यांपैकी एक जैन श्रेष्ठी होते.

कंपनी सरकारच्या १८१३ सालच्या नियमानुसार मुंबईत वर्षातील ठरावीक काळात मोकाट कुत्री मारली जात. १८३२ साली उन्हाळ्यातील ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने शिपाई मोकाट आणि पाळीव असा भेदही करीनात. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना अडवले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली आणि कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. सरकारने लष्कर बोलावून दंगा मोडला, काहींना शिक्षा झाल्या. परंतु त्यानंतर नगरातील प्रतिष्ठितांनी अर्ज केला की, कुत्री मारू नयेत, ती शहराबाहेर न्यावीत. सरकारने तो मार्ग मान्य केला.

आता प्रश्न असा उभा राहिला की, ही कुत्री न्यावीत कोठे आणि त्यांना पोसावे कोणी? दंगा करणारे पांगले होते. उत्तर शोधण्याची जबाबदारी शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच शेठ मोतीशा, आणि जमशेटजी जीजीभाई यांनी उचलली. दोघेही चीनशी चालणाऱ्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातले. एकमेकांचे व्यवहार जाणणारे. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर आणि शत्रुंजयावरील टूक यांमुळे मोतीशांचे नाव जैन घरांत आजही आदराने घेतले जाते. १८३४ साली या दोघांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरापोळ सुरू झाली. १८३६ साली मोतीशांचे निधन झाले. संस्था मात्र थांबली नाही.

ती का थांबली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. केवळ वर्गणीवर ती उभी नव्हती. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसवला होता. माल आला-गेला की त्यावरची ठरलेली रक्कम पांजरापोळीच्या खाती जमा होई. कोणाचे मन द्रवते की नाही, यावर प्राण्यांचा चारा अवलंबून राहिला नाही. दयेला त्यांनी नियमित उत्पन्न जोडून दिले. मोतीशा आणि जमशेटजी यांचे नेतृत्व खरे दिसते ते या ठिकाणी. कळवळा त्या जमावालाही होताच. या दोघांनी त्या कळवळ्याची खातेवही उघडली.

तथापि, त्या व्यवस्थेला एक मर्यादा होती. कुत्र्याला रस्त्यावरून उचलून आवारात ठेवले की त्याचा जीव वाचतो, पण संख्या वाढत जाते. जागा अपुरी पडते, एका आजारी प्राण्याचा रोग दहांना लागतो. एकोणिसाव्या शतकातील पांजरापोळींवर अशा गर्दीवरून टीका झाली, आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती. येथे श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आठवावेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शास्त्रकारांनी मारण्याइतकीच बांधून ठेवण्याचीही दखल घेतली आहे. आयुष्यभर पिंजऱ्यात कोंडलेले कुत्रे जिवंत असते, एवढ्यावरून त्याच्यावर दया झाली असे म्हणता येत नाही.

पुढच्या काळातील प्राणिसेवकांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. १९८५ साली मुंबईत ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था स्थापन झाली. अबोध अरस हे तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी. या संस्थेने कुत्र्याला उचलून नेण्याऐवजी त्याच्यापर्यंत जाण्याची पद्धत अंगीकारली. जखम बांधणे, खरजेवर औषध देणे, लस टोचणे ही कामे कार्यकर्ते रस्त्यावरच करतात. निर्बीजीकरणासाठी महालक्ष्मी येथील केंद्रात आणलेले कुत्रे बरे झाल्यावर आपल्या गल्लीत परत सोडले जाते. १९९० च्या दशकात मुंबई महापालिकेनेही कुत्री मारणे बंद करून निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारला. केंद्र सरकारने २००१ साली त्यासाठी देशव्यापी नियम केले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आणले.

या पद्धतीमागे भावना आहे, तसाच हिशेबही आहे. कुत्रे आपली हद्द राखणारा प्राणी आहे. एका गल्लीतील कुत्री हलवली की तेथील उरलेल्या अन्नाच्या ओढीने दुसरी येतात. ती अनोळखी असतात, लस न टोचलेली असतात आणि त्यांची वीण चालूच राहते. याउलट निर्बीज केलेले, लस टोचलेले, कानाला खाच असलेले कुत्रे हद्दीत राहिले तर नव्यांना शिरकाव मिळत नाही. परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे या क्षेत्रात मानले जाते. गोव्यात ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकार यांनी मिळून वर्षानुवर्षे घरोघर, वाडीवाडीत हे काम केले आणि २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते आणि या रोगाच्या बळींमध्ये गरीब घरांतील मुलांचे प्रमाण मोठे असते. म्हणून कुत्र्याला टोचलेली लस ही मनुष्यदयाही ठरते.

नवी मुंबईत या कामाला आणखी एक पैलू आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि ती छायाचित्रे जगभर पोहोचली. ‘नवी मुंबई ॲनिमल प्रोटेक्शन सेल’च्या आरती चौहान यांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. रंगद्रव्याचा कारखाना आणि कासाडी नदीत जाणारे सांडपाणी यांच्याकडे चौकशीचा रोख वळला. मंडळाने कारवाई करून उत्पादन थांबवले. कुत्र्याला आंघोळ घातल्याने त्याच्या अंगावरचा रंग गेला असता. तक्रार केल्यामुळे रंगाचा उगम तपासला गेला. संस्था चालवणाऱ्याने समोरच्या जीवाची शुश्रूषा करावीच, पण त्याच्या दुःखाचे मूळ कोठे आहे, हेही शोधावे लागते. कारखानदार आणि व्यापारी कुटुंबांना हा प्रसंग अधिक विचार करायला लावणारा आहे. आवारात दाणे टाकणारा हात आणि सांडपाण्याची नळी सोडणारा हात एकाच घरातला असू शकतो.

घरातला शेवटचा घास कुत्र्यासाठी राखून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच. गृहसंकुलात आज याच घासावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. नेरूळ-सीवूड्स परिसरातील असा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ साली देशभरातील भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला आणि कुत्री कोठे परत सोडावीत, कोठून हटवावीत, यावर एकामागून एक आदेश निघाले. अशा वेळी प्राणिसेवी संस्थेच्या धुरीणाला दोन्ही बाजूंचे ऐकावे लागते. लहान मुलाला चावा बसला असेल, तर त्याच्या आईचे भय खोटे नसते. आणि मुक्या प्राण्याला उपाशी ठेवणे हाही अतिचारच. २०२३ च्या नियमांनी येथे मध्यममार्ग आखून दिला आहे. खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर असावी. मुले व वृद्ध यांची वर्दळ कमी असेल अशी वेळ ठरवावी. नंतर जागा स्वच्छ करावी. ही शिस्त न पाळता उंबऱ्याशी टाकलेली पोळी पुण्य जोडत नाही, उलट त्या कुत्र्याला शत्रू मात्र जोडते.

जैन कुटुंबांपुढे याखेरीज काही अवघड प्रश्न उभे राहतात आणि त्यांना बगल देऊन चालत नाही. पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा. निर्बीजीकरण म्हणजे छेद नव्हे काय, अशी शंका अनेकांच्या मनात येते. हिंसेच्या जैन विचारात प्रमादाला, म्हणजे बेफिकिरीला व कषायाला, मध्यवर्ती स्थान आहे. रोग्याच्या हितासाठी शस्त्र चालवणारा वैद्य आणि दुखापत करण्यासाठी शस्त्र चालवणारा माणूस यांना शास्त्राने एका पंक्तीत बसवलेले नाही. म्हणूनच भूल नीट दिली जाते का, शस्त्रक्रियेनंतर पुरेसे दिवस देखभाल होते का, जखम भरल्यावरच कुत्रे सोडले जाते का, हे प्रश्न दात्याने विचारावेत. घाईने, अस्वच्छ जागेत उरकलेली शस्त्रक्रिया हाच येथे प्रमाद होय.

दुसरा प्रश्न आहाराचा. अनेक संस्थांत कुत्र्यांना सामिष अन्न दिले जाते. ज्यांच्या मनाला ते पटत नाही, त्यांनी दान थांबवण्याचे कारण नाही. लसी, औषधे, रुग्णवाहिका, परिचारकांचे वेतन अशा ठरावीक कारणांसाठी रक्कम राखून देता येते आणि तिचा वेगळा हिशेब मागता येतो. तिसरा प्रश्न सर्वांत कठीण: असाध्य व्याधीने तडफडणाऱ्या प्राण्याचे काय करावे? कायदा पशुवैद्यामार्फत वेदनारहित मरणाला मर्यादित परवानगी देतो. जैन आचार ते मान्य करीत नाही. अशा प्रसंगी संस्थेचे धोरण काय, हे विश्वस्तांनी आधीच ठरवून लेखी ठेवावे. रात्री दोन वाजता एकट्या कार्यकर्त्यावर तो निर्णय लादणे अन्यायाचे ठरते.

नवी मुंबईला एक उणीवही भेडसावते. टाटा विश्वस्त संस्थेने प्राण्यांचे अद्ययावत रुग्णालय कळंबोली येथे उभारण्याचे २०१७ साली योजले होते. मुंबईतील पशुपालकांना हे अंतर लांब पडेल या विचाराने पुढे जागा बदलली आणि २०२४ साली ते रुग्णालय महालक्ष्मी येथे सुरू झाले. रतन टाटांच्या प्राणिप्रेमाचे ते मोठे स्मारक आहे. परंतु अंतराचा तोच हिशेब आता उलट्या दिशेने लागू होतो. पनवेल वा तळोजाच्या रस्त्यावर वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्याला खाडी ओलांडण्याइतका वेळ नसतो. ही उणीव भरून काढण्याइतके बळ खाडीच्या या तीराला असलेल्या बाजारपेठेत खचितच आहे.

पैसा मिळतो. पर्युषणात मिळतो, वाढदिवसाला मिळतो, पुण्यतिथीला कायमची तिथी लिहून दिली जाते. कमी पडतात ती चालवणारी माणसे. प्राणिसेवी संस्थांची धुरा बहुधा दोन-चार जणांच्या खांद्यावर असते. दिवसा त्यांना मदतीसाठी फोन येतात, रात्री शिव्याशाप ऐकावे लागतात. आलेल्या प्रत्येक प्राण्याला ‘हो’ म्हणत गेले की आवार भरते, कर्ज वाढते, आणि ज्यांना वाचवायचे तेच जीव दुर्लक्षित राहतात. योग्य वेळी ‘आज जागा नाही’ असे सांगणे हेसुद्धा नेतृत्वाचेच लक्षण आहे. किंबहुना त्याला अधिक धैर्य लागते. या माणसांना देणगीइतकीच गरज आहे ती खरेदीत घासाघीस करणाऱ्याची, औषधांचा साठा मोजणाऱ्याची, पगारपत्रक वेळेवर काढणाऱ्याची, लेखापरीक्षण करून घेणाऱ्याची आणि पुढचा विश्वस्त घडवणाऱ्याची. व्यापारी घरात वाढलेल्या मुलामुलींना हे गुण शिकवावे लागत नाहीत.

म्हणून देणगीची पावती फाडून घेताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. वर्षभरात किती कुत्र्यांना लस दिली? किती पकडली, किती परत सोडली, किती दगावली? संस्थेला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता आहे काय? मुख्य कार्यकर्ता उद्या आजारी पडला तर चावी कोणाकडे असेल? चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात. आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर पाठ फिरवण्याऐवजी घरातील एका जाणत्या व्यक्तीने आठवड्यातून दोन तास त्या संस्थेच्या वहीशेजारी बसावे.

शेठ मोतीशांना पांजरापोळीचे कामकाज जेमतेम दोन वर्षे पाहायला मिळाले. त्यांनी मागे ठेवलेली सोय मात्र पिढ्यांना पुरली, कारण तिच्यात जीवाची कणव आणि जमाखर्चाची शिस्त दोन्ही होती. येत्या दिवाळीत चोपडापूजन करताना एका पानावर जीवदयेचे खाते उघडावे आणि त्यात रकमेशेजारी दिलेल्या तासांचीही नोंद करावी. वर्षअखेरीस दोन्ही स्तंभांची बेरीज व्हावी.