फुलांनाही विमा द्या

वसईतल्या होळी या भागाच्या आसपास आमची मोगऱ्याची वाडी आहे. कळी उमलण्याआधी, पहाटेच खुडायची आणि पहिल्या गाड्यांनी दादरच्या फूलबाजारात पोचवायची. मोगऱ्याला ऊन मानवतं, थंडीत कळी अडते. पण ऐन हंगामात आभाळ दाटून राहिलं की कळी पोखरणारी अळी पडते आणि अवकाळी सरीने कळ्या काळवंडतात. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा सोनचाफ्याच्या फांद्या मोडून पडल्या. झाड पुन्हा फुटायला किती काळ जातो, हे वाडीवाल्यालाच ठाऊक.

अत्तराचा गुलाब तर याहून नाजूक. त्याला फुलण्याआधी थंडी लागते आणि तोडणी पहाटेची, कारण ऊन चढलं की पाकळीतलं तेल उडतं. एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. म्हणजे बहरात आलेला एक तापलेला आठवडाही किती महाग पडत असेल!

हवामान आमच्या हातात नाही, नुकसानभरपाई सरकारच्या हातात आहे. आंबा-काजूला हवामानावर आधारित विमा मिळतो. तसाच तो मोगऱ्याला आणि चाफ्यालाही मिळावा, पुढचा हंगाम सुरू होण्याआधी.