आधी हात, मग सूत्र

गोल्फ शिकायचा तर आधी प्रशिक्षक हवा. पकड कशी, पाय किती अंतरावर, खांदा किती वळवायचा हे पाठ हवे. म्हणून अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यासारख्या गावातल्या मुलाने या खेळाचे नावही काढू नये, असे सर्रास मानले जाते. यातला मैदानाचा आणि पैशाचा भाग खरा आहे, तो मी नाकारत नाही. शिकवणीचा भाग मात्र साफ चुकीचा आहे.

भारतातल्या व्यावसायिक गोल्फचा इतिहासच या समजुतीविरुद्ध साक्ष देतो. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे दिल्लीतले कॅडी, म्हणजे दुसऱ्याची पिशवी वाहणारे. १९९३ मध्ये ते पुन्हा जिंकले. रॉयल कलकत्ता क्लबच्या हिरवळीची निगा राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया तिथेच पाहून-खेळून शिकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकला. दक्षिण आफ्रिकेतले भारतीय वंशाचे पापवा सेवगोलम हेही कॅडी. ते दांडा उलट्या हातांनी धरत. कोणत्याही प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी ती पकड मोडून काढली असती. त्याच पकडीने त्यांनी १९५९ मध्ये डच ओपन जिंकली, आणि पुढे आणखी दोनदा. शिकवणीशिवाय वाईट सवय जडते, या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. सवय वाईट की चांगली हे चेंडू कुठे जातो त्यावरून ठरते, चित्रातल्या पकडीशी ती जुळते की नाही यावरून नव्हे.

यावर वजनदार आक्षेप असा, की जिंकलेले चार कॅडी दिसतात, हरलेले हजारो दिसत नाहीत. आक्षेप रास्त आहे. निवडक चरित्रांवर सिद्धान्त उभा राहत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञ रिच मास्टर्स यांचा १९९२ चा प्रयोग महत्त्वाचा. नवशिक्यांच्या एका गटाला चेंडू होलमध्ये, म्हणजे खड्ड्यात, अलगद घालण्याचे तंत्र सांगितले. दुसऱ्याला काहीच सांगितले नाही, उलट खेळताना तोंडाने वाटेल ती अक्षरे म्हणायला लावली, म्हणजे तंत्राचा विचार करायला मन मोकळेच राहू नये. प्रत्येकाने चारशे फटके मारले. मग पैशाचे आणि परीक्षणाचे दडपण आणले. सूत्रे शिकलेल्यांचा खेळ घसरला, दुसऱ्या गटाचा सुधारतच राहिला. सरावाच्या दिवसांत हा दुसरा गट मागे होता, हेही सांगितले पाहिजे. सूत्राने सुरुवात लवकर होते. पण अटीतटीच्या वेळी तेच सूत्र मनात बोलू लागते आणि हाताला आपले काम करू देत नाही.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगनचे उदाहरण नेहमी उलट बाजूने दिले जाते. त्याचे ‘फाइव्ह लेसन्स’ हे तंत्राचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक. पण त्याच्या नऊही मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा १९५३ पर्यंत जिंकून झाल्या होत्या. पुस्तक १९५७ चे. तोही लहानपणी कॅडीच होता. आधी हात तयार झाला, सूत्र मागून आले. वाचक मात्र ते उलट्या क्रमाने गिळू पाहतो.

मग गुरू नकोच का? हा प्रश्न वऱ्हाडात विचारला जाणारच, कारण अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गुरूकडून व्यायाम आणि मल्लखांब शिकण्याची परंपरा आपल्यासमोर आहे. गुरू हवाच. पण मल्लखांबाचे व्याख्यान ऐकून कोणी मल्लखांबावर चढलेले नाही. पकड सैल पडली की मुलगा घसरतो, आणि ते घसरणे त्याला शब्दांआधी शिकवते. जाणता वस्ताद तिथे एखादाच शब्द बोलतो, तोही मुलाच्या अंगाने प्रश्न विचारल्यावर. माझा विरोध त्या शब्दाला नाही. प्रश्न पडण्याआधीच ओतल्या जाणाऱ्या शंभर शब्दांना आहे.

तिवसा तालुक्यातल्या ज्या मुलाने गोटी अचूक गलात घातली आहे, त्याला उतार, अंतर आणि जोर यांचा हिशेब बोटांनी कळलेला आहे. गोल्फच्या हिरवळीवर लागतो तो हाच हिशेब. शाळेच्या मैदानाचा एक कोपरा चोपून सपाट करावा, त्यात चार-पाच खड्डे वेगवेगळ्या अंतरांवर घ्यावेत, जुने दांडे आणि चेंडू मुलांच्या हाती द्यावेत, आणि पहिले काही आठवडे कोणीही त्यांची पकड दुरुस्त करू नये.