विमानतळ दाराशी, आकाश दूरच

बोनकोडे गावची शेते नव्या मुंबईच्या उभारणीत गेली, त्याला आता अर्धशतक लोटले. अशा ९५ गावांच्या जमिनींवर वसलेल्या या शहरातून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानेही उडू लागली. परंतु ती चालविण्याचा मान भूमिपुत्रांच्या मुलांना कधी लाभणार, की त्यांच्या वाट्याला केवळ सामानाची चढउतारच येणार?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीचे भौतिकशास्त्र व गणित लागते, तसेच २०० तासांचे उड्डाण लागते. पहिली अट गरीब विद्यार्थी अभ्यासाच्या बळावर पुरी करील; दुसरीसाठी मात्र लाखो रुपये मोजावे लागतात. म्हणजे परीक्षा गुणवत्तेची नव्हे, ऐपतीची!

हा धंदा बेभरवशाचा आहे, हे खरे. २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकही रस्त्यावर आले. कर्जबाजारी नवशिक्याची मग काय कथा! पण म्हणून धोका पत्करण्याचा अधिकारही धनिकांच्याच मुलांनी राखून ठेवावा काय? शासन, सिडको व विमानतळचालक यांनी प्रकल्पग्रस्तांच्या गुणी मुलामुलींचा प्रशिक्षणखर्च उचलावा. ते दान ठरणार नाही; ती जुन्या ऋणाची अंशतः फेड ठरेल.

जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ साली येथील पाच जणांना गोळीबारात प्राण गमवावे लागले. आकाशातील वाट्यासाठी तरी पुन्हा रस्त्यावर उतरण्याची वेळ येऊ नये.