मुलींनाही खेळू द्या

'आरोग्य हीच संपत्ती' असं आपण भिंतीवर लिहितो. मग ही संपत्ती मुलींनीही कमवायला नको का?

घरची मोठी माणसं म्हणतात, "पोरी पाणी भरतात, खुरपायला येतात. आणखी व्यायाम कशाला?" कामानं अंग हलतं, ही गोष्ट खरी. पण खुरपताना पाठ वाकलेलीच राहते. कळशी रोज त्याच कमरेवर बसते. लंगडी, खो-खो, हुतूतू खेळताना मात्र सगळं अंग कामाला लागतं. धावल्यानं हृदय व फुफ्फुसं बळकट होतात, उड्यांनी हाडं मजबूत होतात. रात्री झोप गाढ लागते आणि अभ्यासातही लक्ष लागतं.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे श्वास जोरात चालेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावली आणि तिनं कांस्यपदक मिळवलं. तीही खेड्यातलीच मुलगी!

लंगडीला पैसा लागत नाही, लागतो फक्त वेळ. म्हणून पालकहो, संध्याकाळचं काम भावा-बहिणींत निम्मं निम्मं वाटून द्या. काम लवकर उरकेल आणि दोघंही मैदानावर येतील. एवढं कराच!