मोठ्या आतड्याचा कर्करोग : ताटातील अन्न, पोटातील जीवाणू आणि बंगळुरूची नोंदवही

बंगळुरूच्या किदवई स्मारक कर्करोग संस्थेत १९८२ च्या जानेवारीपासून शहरातील कर्करुग्णांची नोंद ठेवली जात आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या पहिल्या केंद्रांत मुंबई व चेन्नईबरोबर या शहराचा समावेश होता. चार दशकांच्या या नोंदींत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण घटत गेलेले आढळते, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आलेख वर सरकताना दिसतो. देशाचा सरासरी दर मात्र अजून कमी आहे. जगात लाखामागे दरवर्षी सुमारे १८ जणांना हा रोग होतो, भारतात सुमारे ५ जणांना. तरीही २०२२ मध्ये देशात सुमारे ७० हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. कमी दराच्या समाधानात हा आकडा सहज विसरला जातो.

आहाराचा या रोगाशी असलेला संबंध नवा नाही. आफ्रिकेत काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्येच चोथायुक्त अन्नाकडे लक्ष वेधले होते. त्यामागची प्रक्रिया आता बरीच उलगडली आहे. धान्ये, डाळी व भाज्यांतील तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट हे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन होय. आहारात चरबी वाढली की पित्तही अधिक स्रवते, आणि काही जीवाणू त्याचे रूपांतर अस्तराला अपायकारक अशा आम्लांत करतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० आफ्रिकी अमेरिकनांना व दक्षिण आफ्रिकेतील २० ग्रामस्थांना दोन आठवडे एकमेकांसारखा आहार देण्यात आला. तेवढ्या अवधीत दोन्ही गटांतील जीवाणूंचे कार्य आणि अस्तरातील दाहाची लक्षणे उलट दिशांना बदलली.

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या संशोधनाने या विषयाला वेगळेच वळण दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या नेतृत्वाखाली ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या अर्बुदांचा जनुकीय अभ्यास झाला. ई. कोलाय जीवाणूचे काही प्रकार कोलिबॅक्टिन नावाचे विष बनवतात आणि ते पेशीच्या डीएनएवर विशिष्ट खुणा सोडते. चाळिशीपूर्वी रोग झालेल्यांत या खुणा सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा ३.३ पट अधिक आढळल्या. त्या आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटत असाव्यात, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. कोलिबॅक्टिन हेच तरुणांतील वाढीचे कारण, असे यातून सिद्ध होत नाही. परंतु चाळिशीतील रोगाचे मूळ शाळकरी वयातील पोटात असेल, तर पस्तिशीनंतर पथ्य सांगणारी आपली सारी पद्धतच अपुरी ठरते.

त्या ११ देशांत भारत नव्हता. ही उणीव खटकणारी आहे, कारण आपल्याकडील रुग्ण तुलनेने तरुण आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. देशाची लोकसंख्याच तरुण असल्याने हा आकडा जपून वाचावा लागतो. तरीही भारतीय अर्बुदांत कोलिबॅक्टिनच्या खुणा किती, हे मोठ्या प्रमाणावर तपासण्यास बंगळुरूइतके योग्य शहर शोधूनही सापडणार नाही. चाळीस वर्षांची नोंदवही, तिचे विश्लेषण करणारी राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन संस्था आणि जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळा, सारे एकाच शहरात आहे.

याच शहराच्या परिसरात नाचणीचे मुद्दे हे कष्टकऱ्यांचे रोजचे अन्न होते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम. आता नाचणी पुन्हा प्रतिष्ठित झाली आहे, पण बऱ्याचदा गोड बिस्किटांच्या रूपाने! अर्थात तंतू हे औषध नव्हे. अमेरिकेतील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, आतड्यातील गाठी काढलेल्या लोकांना काही वर्षे तंतुयुक्त आहार देऊनही गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण घटले नाही. २००३ च्या युरोपीय पाहणीत मात्र दीर्घकाळ अधिक तंतू खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळला. उपयोग असलाच तर तो सवयीचा असावा, उशिरा केलेल्या उपायाचा नव्हे. 'चांगल्या जीवाणूं'च्या महागड्या बाटल्यांनी हा कर्करोग टळतो, याला तर पुरावाच नाही.

सरकारच्या कर्करोग तपासणी मोहिमेत मुख, स्तन व गर्भाशयमुख हे तीनच अवयव आहेत. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या बाबतीत पहिली सूचना बहुधा रुग्णालाच मिळते. शौचातून रक्त जाते, मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती इलाज चालतात, आणि तपासणी होते तेव्हा गाठ आतड्याच्या भिंतीपलीकडे गेलेली असू शकते.