ज्याचा त्याचा चहा

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव आणि बेंगळुरू करत निघालेला महामार्ग चेन्नईच्या अलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर इरुंगाट्टुकोट्टैला पोहोचतो. नाव घेताना मराठी जिभेची कसरत होते खरी, पण गाव परके वाटत नाही. १९९८ साली ह्युंदाईची सँट्रो मोटार इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. आसपास सुट्या भागांचे कारखानेही आहेत. कंपनीच्या बसगाड्या, सुटलेली पाळी, रस्त्याकडेला चहाचे दुकान. चाकणहून आलेल्या माणसाला सारे ओळखीचे वाटावे. फक्त चहा तेवढा वेगळा!

आपल्याकडे चहा म्हणजे एकच पातेले. पाणी, साखर, पावडर, आले, दूध, सगळे एकत्र उकळायचे. पुण्याच्या अमृततुल्यात तर पितळी पातेल्यातल्या या उकळीचीच कीर्ती आहे. चव छान, पण ठरलेली. ‘मला साखर कमी’ म्हणणाऱ्याची तिथे पंचाईतच.

तमिळनाडूच्या ‘टी कडै’त, म्हणजे चहाच्या दुकानात, मास्टरपुढे तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एकीकडे तापत ठेवलेले दूध, दुसरीकडे पिशवीसारख्या कापडी गाळणीतून उतरवलेला चहाचा दाट अर्क आणि तिसरी साखर. आधी ग्लासात साखर पडते, मग अर्क, मग दूध. हात उंच करून दोन-तीनदा चहा वरखाली ओतला की फेस येतो. पावडर बारीक, डस्ट जातीची. ती झटकन रंग आणि कडकपणा देते, फार उकळावी लागत नाही. म्हणूनच प्रत्येक ग्लास वेगळा बनवणे जमते. एकाला ‘स्ट्राँग’, दुसऱ्याला ‘लाइट’, तिसऱ्याला ‘सक्करै कम्मी’. होय, कमीला तिथेही कम्मीच म्हणतात! न सांगितल्यास साखर सढळ हातानेच पडते, हा भाग वेगळा.

आता आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. सासऱ्यांना गोड चहा हवा, नवऱ्याला आले घातलेला कडक, मुलीला दुधाळ. नवी सून आठवडाभरात हे सगळे पाठ करते. पण तिला स्वतःला कसा चहा आवडतो, हे घरात किती जणांना सांगता येईल? सगळ्यांचे कप भरून झाल्यावर पातेल्यात जे उरेल, तो तिचा चहा. तोही डबे भरता भरता गार झालेला. माहेरी आपण फिका चहा प्यायचो, हे काही जणींना वीस वर्षांनी एखाद्या लग्नघरी कप हातात आल्यावर आठवते.

एकाच आधणाचा दुसरा जाच मधुमेहाच्या माणसाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात ‘पेशंटचा चहा’ होतो. तो तोंड वाकडे करून पितो आणि संधी मिळताच दुसऱ्याच्या कपातला घोट घेतो. बाकीच्यांचे तरी काय? दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना साधारण पन्नास ग्रॅमची मर्यादा सांगते, पंचवीसच्या आत राहिल्यास उत्तम म्हणते. साखर वेगळी ठेवली, तर कुणालाच ‘पेशंट’ म्हणून बाजूला काढावे लागत नाही.

तिच्या कपाची वेळही पाहायला हवी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चहातील टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये सुचवले आहे. दुपारी भाजी-भाकरी खाऊन लगेच ‘घोटभर’ घेण्याची सवय असणाऱ्या गृहिणींनी याकडे लक्ष द्यावे.

इरुंगाट्टुकोट्टैची पद्धत घरी आणायला मास्टरसारखा हात उंच करण्याची गरज नाही. पाण्याला उकळी आली की माणशी एक चमचा पावडर घाला, गॅस बंद करा आणि तीन-चार मिनिटे झाकून ठेवा. दूध वेगळे तापवा. गाळलेला चहा किटलीत आणि साखर डब्यात, असे टेबलावर मांडा. आले हवे असणाऱ्याने किसून आपल्या कपात गाळणीखाली नव्हे, गाळणीत ठेवावे आणि वरून गरम चहा ओतावा. पहिले दोन दिवस ‘हा कसला चहा?’ अशी कुरकुर होईल. होऊ द्या. आणि पहिला कप गरम असतानाच ज्याने चहा केला, त्याने आपल्या आवडीचा ओतून घ्यावा.